तुमची बोरी नक्की कुठली?

गेल्या महिन्यात या पानावर मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की मराठी माणसाच्या आडनावात बहुतेक वेळा एक गाव दडलेलं असतं. त्यावर एवढी पत्रं आलीत की संपादकांनी पिशवीच आणून दिली घरी. त्यातली निम्मी तरी बोरी या एकाच नावाभोवती फिरतायत, म्हणून म्हटलं या वेळी मुख्यतः तेच घेऊ. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी सत्तावीस वर्षं टपालाच्या सॉर्टिंगमध्ये काढली, आता कळव्याला घरी असतो, त्यामुळे गावांची नावं हा माझा अभ्यास कमी आणि खोड जास्त.

प्रश्न : काका, नमस्कार. मी नौपाड्यात राहते. सासरचं आडनाव बोरीकर. मुलाचं लग्न ठरवतोय आणि प्रत्येक बैठकीत तोच प्रश्न येतो, "बोरीकर म्हणजे कुठल्या बोरीचे?" आम्हाला कुणालाच सांगता येत नाही. आजेसासरे गाव सोडून आधी गिरगावात आले, मग ठाण्याला, त्यानंतर कुणी गावाकडे फिरकलं नाही. ते एवढंच म्हणायचे की आपल्या बोरीला नदी होती. मुलाने मॅपवर शोधलं तर त्याला बोरी नावाची नदीच सापडली, अमळनेरची, तर आता तो सगळ्यांना आम्ही खान्देशी म्हणून सांगत सुटलाय. मॅपने त्याला नायजेरियातली बोरी पण दाखवली म्हणे! सोलापूरला एक घर आहे ते नुसतं "बोरी" आडनाव लावतं, ते आमच्यातलेच असतील का? घरात गावाकडची वस्तू म्हणजे एक तांब्याचं घंगाळ, त्यावर काहीतरी कोरलेलं आहे, फोटो सोबत पाठवतेय.

उत्तर : ताई, सगळ्यात आधी मुलाला सांगा थोडं थांब. घंगाळाकडे मी येतोच, पण अगोदर त्या नदीचं मिटवू, कारण नदीनेच तुमच्याकडे घोळ घातलाय.

बोरी नावाची नदी एक नाही. महाराष्ट्रात दोन तर चांगल्या मोठ्या आहेत. एक तुमच्या मुलाला सापडली ती, खान्देशातली, पारोळा तालुक्यात तामसवाडीला तिच्यावर धरण आहे, पुढे ती अमळनेरवरनं जाते आणि तापीला मिळते. अमळनेरला संत सखाराम महाराजांचं संस्थान या बोरीच्या काठावरच आहे आणि वैशाखात जी मोठी यात्रा भरते ती चक्क नदीच्या कोरड्या पात्रात भरते, पाळणे, भांड्यांची दुकानं, रसवंत्या सगळं वाळूत. साने गुरुजी ज्या अमळनेरला शाळेत शिकवायचे ते हेच गाव. दुसरी बोरी धाराशिव जिल्ह्यातली, तुळजापूर तालुक्यातनं नळदुर्गला येते, पुढे अक्कलकोट तालुक्यात कुरनूरच्या धरणात अडते आणि शेवटी भीमेला मिळते. नळदुर्ग पाहिला नसेल तर या पावसाळ्यात जाच. किल्ल्याला लागून या बोरीवर आदिलशाहीत बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे, म्हणजे वरनं नदी उतू जातेय, नर आणि मादी म्हणतात ते दोन धबधबे कोसळतायत आणि तुम्ही आत खोलीत कोरडे उभे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातलं काम आहे ते, चारशे वर्षं झाली. आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोन पावसाळे टिकत नाही, असो.

तर एक बोरी उत्तरेकडे तापीला, दुसरी दक्षिणेकडे भीमेला. एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. आणि तुमच्या आडनावाशी तर दोघींचाही नाही असं माझं मत आहे, कारण आपल्याकडे आडनाव गावावरनं पडतं, नदीवरनं सहसा पडत नाही. कोयनाकर ऐकलंय कधी? गिरणाकर? वर्धेकर म्हणतात, पण तो वर्धा गावावरनं. नदीकाठचा माणूस नदीचं नाव लावत नाही, काठावरच्या गावाचं लावतो.

मग नदीचं नाव बोरी आणि गावाचंही बोरी हे कसं? तर दोन्ही नावं त्या काटेरी झाडाकडनं आलेली आहेत. बोरीचं झाड. संस्कृतातली बदरी, प्राकृतात तिचं बोर झालं, आपण फळाला बोर म्हणतो आणि झाडाला बोरी. बदरीनाथमधली बदरी तीच. हे झाड पाणी मागत नाही, माती मागत नाही, बांधावर येतं, ओढ्याच्या कडेला येतं, गुरांनी खाल्लं तरी परत फुटतं, बोरी-बाभळी म्हणून जोडीनेच नाव घेतात लोक. त्यामुळे जिथे चार बोरी दिसल्या तिथे कुणीतरी वस्ती केली की झालं बोरी, आणि ज्या ओढ्याच्या काठाने बोरी दिसल्या तो ओढा बोरी. वडगाव, पिंपळगाव, चिंचवड, बाभूळगाव हे सगळं असंच. म्हणजे बोरी गाव असायला बोरी नदी लागत नाही. तुमच्या मुलाने गाव आणि नदी यांना बापलेक समजलं, ते दोघं एका झाडाची लेकरं आहेत, एकमेकांना ओळखतही नसतील.

नायजेरियाचं पण सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी परत विचारेल. तिथे रिव्हर्स नावाच्या राज्यात बोरी गाव आहे, ओगोनी लोकांचं, तेल कंपन्यांविरुद्ध लढले आणि १९९५ मध्ये ज्यांना फाशी दिली ते केन सारो-विवा तिथेच जन्मले. त्या बोरीत आपल्या बोराचा काही हात नाही. कानाला सारखं लागलं म्हणून नातं लावायचं तर वडाची साल पिंपळाला लावल्यासारखं होईल.

आता गावं. नोकरीला नवीन होतो तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे लाकडी खणांचं मोठं कपाट असायचं, एकेका खणावर जिल्ह्याची चिठ्ठी, आणि आपण उभं राहून पत्ते वाचत पत्रं त्यात टाकत जायची, हात थांबला की मागनं ओरडा. एक लग्नपत्रिका आली, हळदीची बोटं लावलेली, पत्ता काय, तर नाव आणि खाली "मु. पो. बोरी". बास. तालुका नाही जिल्हा नाही. मी आदल्याच दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबची पत्रं टाकली होती तर हीसुद्धा तिकडेच ढकलली. तीन आठवड्यांनी ती परत आली, दोन्ही बाजूंनी शिक्क्यांनी काळी झालेली, वर कुणीतरी लाल पेनाने लिहिलं होतं, "जिंतूर बघा". परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यात बोरी आहे, चांगलं मोठं गाव, आणि तोपर्यंत लग्न होऊन नवरी नांदायलाही लागली असेल. ती चूक माझीच. आमच्यातल्या एका जुन्या माणसाने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, पत्ता अर्धा असला ना की कार्डाची मागची बाजू बघायची. पोस्टकार्ड उघडंच असतं. मागे "आठे समदं बरं शे" असं काही दिसलं की समजायचं अहिराणी, खान्देशाचा खण. कपाशीचा भाव लिहिलाय तर एक दिशा, द्राक्षाचा लिहिलाय तर दुसरी, कारण इंदापूर तालुक्यातही बोरी आहे आणि तिथे द्राक्षाच्या बागा.

हे सगळं का सांगतोय, तर तुमच्या घंगाळाची ती मागची बाजू आहे.

फोटो मी मोबाइलवर मोठा करून पाहिला, मग नातवाकडनं लॅपटॉपवर घेतला. घंगाळ चिंचेने आणि राखेने घासून घासून अक्षरं गेलीत, पण काठाखाली "रा. बोरी" स्पष्ट आहे आणि त्याच्या पुढे एक "बु" आणि दोन उभ्या रेघा, "बु॥". तुम्ही मागे लिहिलंय की सासूबाई म्हणतात ते "बुवा"चं राहिलेलं अक्षर. नाही हो. ते बुद्रुक आहे. जुन्या कागदावर आणि भांड्यांवर शब्द तोडला की दोन रेघा मारायची पद्धत. बुद्रुक हा फारसी बुजुर्गवरनं आलाय, म्हणजे थोरलं, आणि खुर्द म्हणजे धाकटं. एकाच नावाची दोन गावं शेजारी असली की एक बुद्रुक आणि एक खुर्द. म्हणजे तुमच्या बोरीच्या शेजारी, बहुतेक ओढ्याच्या किंवा नदीच्या पलीकडे, एक धाकटी बोरी असणार. या एका अक्षराने बोरी अरब गेली, जिंतूरची गेली, दौंड तालुक्यातल्या बोरीपार्धी, बोरीबेल, बोरीऐंदी गेल्या, खामगावकडची बोरीअडगाव गेली, नागपूरजवळची बुटीबोरी गेली. बघा, लोकांनी पण सगळ्या बोऱ्यांना शेपट्या लावूनच वेगळं ठेवलंय.

सगळ्यात आधी तुम्ही जुन्नर तालुका बघा असं मी म्हणेन. तिथे बोरी बुद्रुक आणि बोरी खुर्द अशी जोडी आहे आणि नदीही आहे, कुकडी. म्हणजे आजेसासरे बरोबरच सांगत होते, "आपल्या बोरीला नदी होती", फक्त त्या नदीचं नाव बोरी होतं असं ते कधीच म्हणाले नव्हते, ते मॅपने जोडलं. या बोरीचं एक वेगळंच प्रकरण आहे, तिथे कुकडीच्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडलाय, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची राख, आणि त्याच भागात अश्मयुगातली दगडी हत्यारं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथे खणून काम केलंय, राख नेमकी किती जुनी यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. तुमची बोरी हीच निघाली तर पुढच्या बैठकीत सांगायला एवढं पुरेल, मुलीकडचे पत्रिकाच विसरतील.

पण लगेच गाडी काढू नका. बोरीची बुद्रुक-खुर्द अशी जोडी आणखीही कुठे असू शकते, त्यामुळे आधी घरातली दुसरी भांडी काढा माळ्यावरनं. लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव-गाव कोरायची पद्धत होती आपल्याकडे, आजेसासूबाईंच्या माहेरचं गाव मिळालं तर अर्धं काम झालं, कारण त्या काळी सोयरीक बैलगाडीच्या अंतरात व्हायची. मग कुलदैवत. जेजुरीचा खंडोबा असेल तर त्याने फार काही ठरत नाही, अर्धा महाराष्ट्र त्याचा, पण गावदेवीचं नाव कुणाला आठवत असेल तर ते सोन्यासारखं. आणि त्र्यंबकेश्वर, नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या असतात, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या, कोण कधी आलं, कुठल्या गावचं, बरोबर कोण, सही किंवा अंगठा.

तिथे एक मात्र लक्षात ठेवा आणि हेच मला खरं तुम्हाला सांगायचंय. तिथे "बोरीकर काढा" म्हणू नका. बोरीत बोरीकर नसतो! गावात सगळेच बोरीचे, मग बोरीकर कुणाला म्हणणार? गाव सोडून बाहेर पडलं, चार अनोळखी लोकांत राहायला गेलं की मग ते लोक विचारतात कुठले, आणि आपण सांगतो बोरीचे, की झाला बोरीकर. तुमचे आजेसासरे गिरगावच्या चाळीत आले तेव्हा, किंवा त्यांच्या वडिलांच्या वेळी कधीतरी, हा "कर" चिकटलेला असणार. गावात ते पाटील असतील, कुलकर्णी असतील, काहीही असतील, आणि ते जुनं आडनाव घरात कुठेतरी असेल, जमिनीच्या जुन्या कागदावर किंवा शाळेच्या दाखल्यात. ते सापडल्याशिवाय नामावळीत हात घालण्यात अर्थ नाही. उलट कुठल्या बोरीत चार घरं बोरीकर सापडली तर मलाच संशय येईल की ही दुसऱ्या बोरीतनं आलेली आहेत.

राहिलं सोलापूरचं नुसतं "बोरी" आडनाव. ते तुमच्यातले असतील असं वाटत नाही. कर्नाटकाच्या सीमेवर गावाचं नाव "कर" न लावता तसंच आडनाव म्हणून लावतात, गंगूबाई हनगल किंवा मल्लिकार्जुन मन्सूर ही नावं आठवा, हनगल आणि मन्सूर गावंच आहेत. तुम्ही गावाला "कर" लावणाऱ्या मुलखातले आणि ते न लावणाऱ्या. आणि त्यांच्या जिल्ह्यातनं, अक्कलकोटकडनं, बोरी नदी जाते म्हणून ते नदीवरनं बोरी असं पण समजू नका, त्यांचं पण कुठलं तरी बोरी गावच असेल. त्यांना फोन करून गप्पा मारायला हरकत नाही. कुंडली मात्र जुळवू नका.

प्रश्न : आम्ही नेरुळचे बोरकर. मूळ गोव्याचे. बोरकर आणि बोरीकर एकच का? बायको म्हणते एकच, मी म्हणतो नाही.

उत्तर : तुमच्यापुरती वहिनी बरोबर आहेत. गोव्यात फोंडा तालुक्यात झुआरीच्या काठावर बोरी आहे, नवदुर्गेचं देऊळ आहे तिथे, मडगावहून फोंड्याला जाताना बोरीचा पूल लागतो तीच. त्या बोरीचे ते बोरकर, मधला "ई" गळला. कवी बा. भ. बोरकर त्या बोरीचे. पण विदर्भात, भंडारा-नागपूरकडे, बोरकर आडनावाची भरपूर घरं आहेत आणि त्यांना गोव्याशी जोडायचं काही कारण नाही, तिकडे बोरं काय कमी आहेत का? वर्धा जिल्ह्यात तर बोर नावाची नदी आहे, तिच्यावर बोर धरण, आणि २०१४ पासून बोर व्याघ्र प्रकल्प, जाहीर झाला तेव्हा देशातला सगळ्यात छोटा. तेव्हा ऑफिसमध्ये नागपूरचा बोरकर भेटला तर लगेच "आपण गाववाले" करून मिठी मारू नका.

जाता जाता, जंगलाचा विषय निघालाच आहे तर मध्य प्रदेशात सातपुड्यात पण बोरी आहे, अभयारण्य. तिथलं जंगल इंग्रजांनी १८६५ मध्येच राखीव केलं, देशातलं पहिलं राखीव जंगल म्हणून त्याचं नाव घेतात.

प्रश्न : मी वाशीला सेक्टर नऊमध्ये राहते. ऑनलाइन मागवलेला मिक्सर चार दिवस "वाशी केंद्रात पोहोचला" असं दाखवत होता, मी रोज वाट बघतेय आणि शेवटी कळलं की तो धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीला जाऊन बसलाय. कस्टमर केअरवाला मलाच म्हणतो, मॅडम तुम्ही येऊन घेऊन जा. पिनकोड मी बरोबर टाकला होता. चूक कुणाची?

उत्तर : तुमची नाही. धाराशिवची वाशी तालुक्याचं गाव आहे, तिचा मानही मोठा आहे हे खरं, पण तिचा पिन ४१३ ने सुरू होतो आणि तुमचा ४००७०३. पहिल्या तीन आकड्यांतच सॉर्टिंगचा जिल्हा कळतो, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. हे आकडे आणले त्यामागे एक मोठं कारण हेच होतं, की एका नावाची गावं फार आणि पत्ते लिहिणारे वेगवेगळ्या भाषांत लिहिणारे. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, टपालातले अधिकारी आणि संस्कृतात कविता, नाटकं लिहिणारे. आम्ही सॉर्टिंगवाले त्यांना मनातनं हात जोडायचो. तुमच्या कुरियरवाल्यांकडे कुणीतरी आकडा न बघता नुसतं वाशी निवडलेलं असणार. माझ्या लग्नपत्रिकेसारखंच झालं हे, फक्त माझ्या वेळी पिन लिहिलेला नव्हता, यांच्याकडे होता.

पुढच्या वेळी "वाशी, नवी मुंबई, जि. ठाणे" असं सगळं लिहा, नुसतं वाशी नको. आणि घ्यायला अजिबात जाऊ नका, परत पाठवा म्हणावं.

असंच ठाणे स्टेशनवर होतं बघा, नेरुळ आणि नेरळ. नेरुळची गाडी ट्रान्स हार्बरवरनं, नेरळची कर्जत लाइनला, आणि पाहुणा माथेरानला जायचा तो पोचतो नवी मुंबईत. कर्जतचंही तेच, एक रायगडातलं आपलं आणि एक अहिल्यानगर जिल्ह्यातलं, दोन्ही तालुके.

प्रश्न : घोडबंदर रोडला राहतो. कॉलेजला आहे. आमच्याकडे बोरिवडे आहे, पलीकडे डोंगर ओलांडला की बोरिवली, आणि मित्र पडघ्याचा आहे तो म्हणतो आमच्याकडे पण बोरिवली आहे. हे सगळं एकच होतं का पूर्वी?

उत्तर : एक नव्हतं रे, पण झाड एकच. बोरिवलीतली "वली" म्हणजे पल्ली, वस्ती. कांदिवली, डोंबिवली, आंबिवली, सगळीकडे तीच. भिवंडी तालुक्यात पडघ्याला लागून बोरिवली आहे हे मित्र बरोबर सांगतो, पिन ४२१ वाला. मुंबईच्या बोरिवलीला कुणी "पडघ्याची का?" असं विचारत नाही, पडघ्यावाल्याला मात्र आयुष्यभर "नाही नाही, आमची बोरिवली वेगळी" सांगावं लागतं. तिकडे उरण तालुक्यात नुसती बोरी पण आहे. सुट्टीत सायकल काढ आणि या सगळ्यांपैकी कुठे अजून बोरीचं झाड उभं आहे ते बघून मला कळव, घोडबंदरला टॉवरच्या खाली एखादं राहिलं असेल तर मला फार आनंद होईल.

प्रश्न : बोरीबंदर म्हणजे बोरांचं बंदर की बोऱ्यांचं, म्हणजे पोत्यांचं? आमच्या कट्ट्यावर पैज लागलीय, चहाची. — चरईतले चौघे

उत्तर : दोन्ही सांगतात. एक म्हणतात तिथे बोरीची झाडं होती, दुसरे म्हणतात मालाच्या बोऱ्या, गोणी उतरायच्या. मला विचाराल तर मी झाडाच्या बाजूने. मराठीत आपण पोतं किंवा गोण म्हणतो, बोरी हा पोत्यासाठीचा शब्द हिंदीतला, आणि आसपास बोरिवलीपासून उरणच्या बोरीपर्यंत सगळीकडे झाडच निघतंय. पण बंदर म्हटलं की व्यापारी आणि हमाल दहा भाषा बोलणारे असतात, त्यामुळे पोतंवाल्यांना मी अगदीच खोटं पाडणार नाही. अर्धा अर्धा चहा घ्या.

आणि ठाणेकरांनी तर या नावावर हक्कच सांगायला पाहिजे. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीननंतर पहिली गाडी सुटली ती बोरीबंदरहून आणि आली कुठे, आपल्या ठाण्याला. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, चौतीस किलोमीटर. मग तिथे व्हिक्टोरिया टर्मिनस झालं, १९९६ ला छत्रपती शिवाजी टर्मिनस, २०१७ ला त्यात महाराज आले, बोरीबंदर हा शब्द आता माझ्या वयाच्या लोकांच्याच तोंडात. माझे वडील शेवटपर्यंत बोरीबंदरच म्हणायचे. तिकीट खिडकीवर पण.

प्रश्न : मग बोरघाट पण बोरीवरनंच ना? — ऐरोलीहून

उत्तर : इथे थांबा. इंग्रजांच्या जुन्या कागदांत, रेल्वेच्या सुद्धा, तो भोर घाट आहे. १८६३ मध्ये घाटातली रेल्वे सुरू झाली तेव्हाही भोरच लिहायचे. आपल्या बोलण्यात तो बोर झाला आणि आता वर्तमानपत्रात, पोलिसांच्या पाटीवर सगळीकडे बोरघाट. त्यात बोराचं झाड घुसवू नका, आणि पुणे जिल्ह्यातलं भोर गाव पण घुसवू नका, ते पार दुसऱ्या टोकाला आहे.

नौपाड्याच्या ताई, घंगाळ आता घासू नका बरं का. त्या "बु॥"च्या पुढे अजून एक अक्षर आहे असं मला वाटतंय, फोटोत उजेड पडल्यामुळे कळत नाहीये. कागद ठेवून वरनं पेन्सिल फिरवा, पोरं नाण्यावर फिरवतात तशी, आणि तो कागद पाठवा. अक्षर "जु" निघालं तर जुन्नर.